दोन इंच माया

ऑर्डरच्या फॉर्मवर पायांसाठी दोन रकाने होते, डावा आणि उजवा. मांडी, गुडघ्याच्या वर, गुडघा, गुडघ्याच्या खाली, पोटरी, घोटा. प्रत्येक माप दोनदा लिहायचं होतं. खाली बारीक अक्षरांत एक सूचना होती : दोन्ही बाजू सारख्या आहेत असं गृहीत धरू नये, प्रत्येक बाजू टेप लावून मोजावी.

ते वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. मी सत्तावन्न वर्षांचा आहे. तिसऱ्या वर्षी पोलिओ झाला तेव्हापासून माझा डावा पाय उजव्यापेक्षा बारीक आणि आखूड आहे, आणि आजवर माझ्या अंगावर आलेल्या प्रत्येक कपड्याने दोन्ही पाय सारखेच आहेत असं गृहीत धरलं होतं. ते त्या शिंप्यांचं अज्ञान नव्हतं. त्यातला पहिला शिंपी माझा बाप होता.

बाबांचं दुकान मालवणच्या बाजारात होतं. एक मशीन, एक कापायचं टेबल आणि भिंतीला खिळ्यावर अडकवलेली टेप. चवथ जवळ आली की आमच्या घरी रात्र नसे. साऱ्या गावाला गणपतीला नवे कपडे हवे असत, आणि मुंबईचे चाकरमानी यायच्या आत ते शिवून व्हायला हवे असत. मी टेबलाखाली चिंध्यांच्या ढिगावर झोपायचो. झोपेत कात्रीचा आवाज ऐकू यायचा. जाड कापडात ती करकर चालते, पातळ कापडात सरसर.

मुलांचे कपडे शिवताना बाबा शिवणीच्या आत कापड राखून ठेवत. त्याला आमच्याकडे माया म्हणतात. माया ठेवली म्हणजे पोर वाढलं की शिवण उसवायची, आतलं कापड बाहेर घ्यायचं, पुन्हा टीप मारायची. एक चड्डी तीन चवथी काढायची. गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की बाबा चड्डी उलटी करून शिवण दाखवत आणि म्हणत, ‘‘माया बघा गे किती ठेवलंय.’’ हा शब्द मराठी शिंप्यांच्या तोंडी कुणी पहिल्यांदा घातला असेल, त्याला मी मनापासून नमस्कार करतो.

शाळेत सातवीपर्यंत हाफ पँट होती. बाबांनी गुरुजींना भेटून मला दुसरीपासूनच फुल पँटची परवानगी मिळवली. ती पँट शिवताना त्यांनी डाव्या पायाच्या आत पोटरीपासून घोट्यापर्यंत जाड मांजरपाटाचं अस्तर लावलं. दोन्ही पाय सारखे पडावेत, वाऱ्याने डावा पाय फडफडू नये, म्हणून. माप घेताना ते दुकानाची एक फळी लावून घेत. ‘‘झिला, सरळ उभो रव,’’ म्हणत. टेप उजव्या पायालाच लावत. डाव्याचं माप त्यांनी घेतलेलं मला आठवतच नाही. पुढे बेलबॉटमची फॅशन आली तेव्हा घरात मला जितका आनंद झाला, त्यापेक्षा त्यांना जास्त झाला असावा.

जमिनीवर हे सगळं जपून चालायचं. पाण्यात मात्र काही जपावं लागत नसे. मालवणच्या जेटीजवळ, समोर सिंधुदुर्ग किल्ला दिसतो तिथे, मी आठव्या वर्षी पोहायला शिकलो. छातीएवढ्या पाण्यात गेलं की कॅलिपर नको, काठी नको. मऊ रेतीत माझा पाय रुतायचा, पण पाण्यात उजव्या पायाच्या चार फटक्यांत मी होडीपर्यंत पोचायचो. आमच्या बाजूचे रापणकार ओरडायचे, ‘‘पोरग्या, खय चललंस?’’ त्यांच्यातले काही कालवं काढायला बुडी मारत. अंगावर एक लंगोटी, दुसरं काही नाही. उबदार समुद्रात, दोन मिनिटांच्या बुडीला तेवढं पुरतं.

माझ्या डाव्या पायाला थंडी वेगळी वाजते, हे मला मालवणात कधी कळलंच नाही. ते कळलं दिल्लीत. १९९३ साली केंद्र सरकारच्या नोकरीत इथे आलो. पहिल्या जानेवारीत पारा चार-पाच अंशांवर उतरला, आणि सकाळी उठून पाहतो तर डावा पाय गुडघ्याखाली जांभळट, दगडासारखा गार. ज्या पायात स्नायू उरलेले नसतात त्याला स्वतःची ऊब तयार करता येत नाही आणि रक्तही त्यातून मंद फिरतं. थंड झाला की त्यातली होती नव्हती ती ताकदही जाते. तेव्हापासून दर हिवाळ्यात माझ्या रजईत डाव्या बाजूला गरम पाण्याची पिशवी असते.

त्याच दिल्लीत २ ऑक्टोबर १९९४ ला पोलिओचे थेंब मोहीम म्हणून एकाच दिवशी सगळ्या लहान मुलांना पाजायला सुरुवात झाली, आणि पुढच्या वर्षी ती मोहीम देशभर गेली. माझ्या लहानपणी, १९७१ मध्ये, हे थेंब सरकारी लसीकरणात यायला अजून सात-आठ वर्षं होती. चौऱ्याण्णवच्या त्या दिवशी आमची मुलगी दहा महिन्यांची होती. रांगेत तिला कडेवर घेऊन मी उभा होतो, काठी बगलेत धरून. बूथवरच्या ताईंनी आधी माझ्या पायाकडे पाहिलं, मग मुलीचं तोंड उघडून दोन थेंब सोडले. १३ जानेवारी २०११ नंतर, हावड्याच्या एका लहानग्या मुलीनंतर, देशात नैसर्गिक विषाणूने झालेला पोलिओचा रुग्ण सापडलेला नाही. त्यामुळे माझ्यासारख्या पायांचं माप घ्यायची पाळी यापुढच्या शिंप्यांवर येणार नाही. मी हे लिहितो तेव्हा मला खरोखर भरून येतं.

निवृत्ती जवळ आली तेव्हा मी स्कूबा शिकलो, तेही घरच्याच पाण्यात. तारकर्लीला पर्यटन विकास महामंडळाचं स्कूबा प्रशिक्षण केंद्र २०१५ मध्ये सुरू झालं. ज्या किनाऱ्यावर मी लहानपणी धडपडलो तिथून काही किलोमीटरांवर. डॉक्टरांनी फॉर्मवर सही करताना फुप्फुसांबद्दल आणि कानांबद्दल बारकाईने विचारलं, पायाबद्दल एकच प्रश्न केला. खाली जाऊन श्वास स्थिर झाला की माणूस नुसता तरंगत असतो. उजव्या पायाच्या संथ हालचालीवर मी पुढे जातो, वळायचं असेल तर हाताने पाणी ढकलतो.

गेल्या जानेवारीत अंदमानला गेलो तेव्हा भाड्याचा वेटसूट घातला. अंगाला ठीक बसला, उजव्या पायालाही. डाव्या पायाला तो गोणपाटासारखा झाला. पाणी अठ्ठावीस अंशांच्या आसपास होतं, ते ऐकून कुणीही म्हणेल की एवढ्यात थंडी कसली. पण पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने ऊब ओढून नेतं. अठ्ठावीस अंशांच्या खोलीत आपण पंखा लावतो. अठ्ठावीस अंशांच्या पाण्यात तासाभराने दात वाजतात. माझ्या डाव्या नळीत प्रत्येक हालचालीबरोबर नवं पाणी शिरत होतं आणि जुनं बाहेर पडत होतं. बारा मीटरवर, प्रवाळाच्या एका मोठ्या खडकाशी, पंचविसाव्या मिनिटाला पोटरीत गोळा आला. मी अंगठा वर केला. वर जायचं, ही त्याची पाण्याखालची खूण. बरोबरच्या चौघांचीही ती बुडी तिथेच संपली. त्यांनी काही म्हटलं नाही, पण मला ते लागलं.

घरी, नोएडाला परतल्यावर खेळाच्या सामानाच्या एका मोठ्या दुकानात जाऊन पाहिलं. मीडियम, लार्ज, एक्स्ट्रा लार्ज. ट्रायल रूममध्ये स्टुलावर बसून मी डाव्या पोटरीजवळचं कापड चिमटीत धरलं. ओंजळभर पाणी मावेल एवढी जागा होती. धाकटा साइज घ्यावा तर छाती आवळते. तेव्हा ठरवलं, मापाचाच शिवून घ्यायचा.

शिंप्याचा मुलगा असल्यामुळे कापडाची चौकशी केल्याशिवाय मला चैन पडेना. वेटसूटचं कापड म्हणजे निओप्रीन, रबराचा फेस. हे कृत्रिम रबर ड्यूपाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत १९३० साली तयार झालं. वेटसूटची कल्पना १९५१ च्या सुमारास बर्कलीतल्या ह्यू ब्रॅडनर नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाला सुचली. तोवरचे रबरी पोशाख अंग कोरडं ठेवण्याच्या मागे असत. कुठे फाटलं की गार पाणी आत येऊन माणूस गारठायचा. ब्रॅडनरच्या लक्षात आलं की अंग ओलं झालं तरी चालेल. ऊब राखायची असेल तर कापडातच वायूचे असंख्य बंद बुडबुडे असायला हवेत. आत शिरलेल्या पाण्याचा पातळ थर अंगाच्या उष्णतेने तापतो आणि बुडबुडे ती उष्णता बाहेर जाऊ देत नाहीत. अट एकच : पाण्याचा तो थर जागचा हलता कामा नये. म्हणजे कापड कातडीला घट्ट लागलं पाहिजे. या कल्पनेचं पेटंट त्याच्या नावावर झालं नाही. पुढे त्यावर इतरांचे मोठे धंदे उभे राहिले.

बुडबुड्यांमुळेच आणखी एक गोष्ट होते. दहा मीटर खाली गेलं की दाब दुप्पट होतो, बुडबुडे आकसतात, कापड पातळ होतं. ऊब कमी होते आणि तरंगण्याचा जोरही. म्हणून जाडी निवडताना बराच विचार करावा लागला. आपल्या समुद्रांना तीन मिलिमीटर पुरतं. डाव्या पायाला पाच हवं असं मला वाटत होतं. पण तो पाय हलका, स्नायूंचं वजन नाही, तो आधीच वर उचलला जातो. जाड निओप्रीन चढवलं तर आणखी वर जाईल आणि मी पाण्यात तिरका होईन. मापाचे वेटसूट शिवून देणाऱ्या परदेशातल्या एका कारागिराशी पत्रव्यवहार झाला. तो म्हणाला, डावा पाय पाचचा करू, बाकी अंग तीनचं, आणि तुम्ही डाव्या घोट्याला अर्धा किलो शिसं बांधा. घोट्याजवळ चेन हवी का, असंही त्याने विचारलं. चेनमधून थोडं पाणी येतं, पण माझं पाऊल ताणून सरळ होत नाही, अरुंद तोंडातून ते जाणार कसं? चेन ठेवायची ठरली, आत निओप्रीनची पट्टी लावून.

त्याने नमुन्याचे दोन तुकडे पाठवले होते, एकमेकांना जोडलेले. ते घेऊन मी अट्टा मार्केटमधल्या मास्टरजींकडे गेलो. मूळचे बरेलीचे, तीस वर्षं माझ्या पँटी तेच शिवतात. त्यांनी जोड अंगठ्याने चाचपला, उलटा केला, चष्मा कपाळावर सरकवून डोळ्यांजवळ धरला. कापडाच्या दोन कडा एकमेकींवर चढवलेल्या नव्हत्या, कडेला कड भिडवून चिकटवल्या होत्या. वरून टीप होती, पण उलट बाजूला टाक्याचं नावही नव्हतं. सुई अर्ध्या जाडीपर्यंत जाऊन त्याच बाजूने बाहेर पडलेली. भोक आरपार नाही, म्हणून पाणी झिरपत नाही. मास्टरजी बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘साहब, काम बहुत ऊँचा है. पर इसमें मार्जिन नहीं है. एक सूत भी नहीं.’’

मार्जिन म्हणजे माया. मी घरी येईपर्यंत तो तुकडा खिशात दाबून धरला होता.

मार्चमधल्या एका रविवारी माप घ्यायला बसलो. स्वतःचं माप स्वतः घेऊ नये, वाकलं की माप बदलतं. बायको म्हणाली, ‘‘अहो, मी घेते की.’’ ती पहाडगंजच्या मराठी घरात वाढलेली, नूतन मराठी शाळेत शिकलेली. बँकेत तीस वर्षं आकडे लिहिले, अक्षर मोत्यासारखं. मालवणचं घर आवरताना आणलेल्या पत्र्याच्या पेटीतून मी बाबांची टेप काढली. तिच्या कडा विरल्या होत्या, आकडे पुसट झाले होते, पण मला दुसऱ्या टेपने माप घ्यायचं नव्हतं. तीसेक मापं होती. गळा, खांदे, छाती, कंबर, सीट, खांद्यावरून दोन्ही पायांमधून पुन्हा खांद्यापर्यंतचा वेढा. ती टेप लावायची, आकडा उच्चारायची, लिहायची. डाव्या पोटरीशी आली तेव्हा थांबली. लग्नाला बत्तीस वर्षं झाली, दर हिवाळ्यात तिने हा पाय तेलाने चोळला आहे. तरी त्याला एक आकडा आहे, हे आम्हा दोघांनाही त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. उजवी पोटरी छत्तीस सेंटीमीटर, डावी साडेचोवीस.

रात्री मला शंका आली. बाबांची टेप मुलीच्या जुन्या स्टीलच्या पट्टीला लावून पाहिली. साठ इंचांची टेप पाऊण इंच लांब झाली होती. वर्षानुवर्षं ओढून ओढून कापड ताणलं गेलं होतं. म्हणजे आम्ही लिहिलेलं प्रत्येक माप खऱ्यापेक्षा कमी आलं होतं, छातीला तर जवळजवळ अर्धा इंच. तसाच फॉर्म पाठवला असता तर सूट गळ्याखाली आवळून श्वास घेणं कठीण झालं असतं. बाबांचं या टेपने कधी काही अडलं नसणार; त्यांच्या प्रत्येक शिवणीत ती चूक सामावून घ्यायला माया होती.

दुसऱ्या दिवशी अट्टा मार्केटमधून न ताणणारी नवी टेप आणली आणि सगळी मापं पुन्हा घेतली. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, कारण दिवसभर लोंबता राहून माझा डावा घोटा संध्याकाळी सुजतो. मधलं माप लिहिलं. पुढून, मागून, दोन्ही बाजूंनी फोटो मागवले होते. अर्ध्या चड्डीवर उभा राहून मी फोटो काढून घेतले. माझ्या उघड्या पायांचा तो पहिला फोटो.

पेटी परत ठेवताना तळाशी आईने जपून ठेवलेली माझी दुसरीतली खाकी पँट सापडली. तीच ती पहिली फुल पँट. मी ती उलटी केली. उजव्या पायाची शिवण दोनदा उसवलेली होती. जुन्या टाक्यांच्या भोकांच्या दोन रांगा स्पष्ट दिसत होत्या. एक इयत्ता तिसरीची असावी, एक चौथीची. मग डावा पाय पाहिला. अस्तराच्या आत बोट घालून शिवण चाचपली. तिथेही माया होती. दोन्ही बाजूंची मिळून दोन इंच, उजव्या पायाइतकीच. ती एकदाही उसवलेली नव्हती. बाहेरचं खाकी उन्हाने आणि धुण्याने पांढुरकं झालं होतं. आतलं दोन इंच कापड ठाण्यातून नुकतं फाडून आणल्यासारखं गडद होतं. ती पँट शिवली तेव्हा मी सात वर्षांचा होतो. पाय वाढणार नाही हे डॉक्टरांनी चार वर्षांपूर्वीच सांगितलं होतं. दुकानाची फळी लावून बाबांनी कापड मांडलं असेल, खडूने रेघ ओढली असेल, आणि डाव्या पायाशी येऊन रेघ दोन इंच बाहेर नेली असेल. मी फरशीवरच बसून राहिलो. बायकोने चहा आणून ठेवला तो गार झाला.

सूट मेच्या तिसऱ्या आठवड्यात आला. कस्टममध्ये काही दिवस अडकला, शुल्क भरलं, आणि भर दुपारी कुरिअरवाला घामाने निथळत दारात आला. बाहेर चव्वेचाळीस अंश होते. रबराला उष्णता आणि ऊन दोन्ही वाईट, म्हणून खोकं उघडण्याआधी ते तासभर एसीच्या खोलीत ठेवलं. घडी घातलेली नव्हती. सैल गुंडाळी केली होती, कारण घडीच्या रेघेवर बुडबुडे कायमचे चिरडतात. काळा रंग, गुडघ्यांवर जाड पट्ट्या. पलंगावर उताणा पसरला तेव्हा तो हुबेहूब माझ्यासारखा दिसत होता. एक पाय भरलेला, एक बारीक आणि बोटभर आखूड.

संध्याकाळी सोसायटीच्या पोहण्याच्या तलावावर गेलो. कमजोर पाय आधी घालायचा आणि शेवटी काढायचा, हे मला लहानपणी शिकवलेलं आहे. डाव्या पावलावर दुधाची रिकामी पिशवी चढवली, म्हणजे रबर सरकतं. मग बोटांच्या पेरांनी, नखं न लावता, इंच इंच वर ओढत नेलं. घोटा गेला, चेन लागली. पोटरीपाशी कापड अडलं, आणि मग बसलं. चौफेर, सारखं. मी पाण्यात उतरलो. पहिलं गार पाणी पाठीतून आत आलं, खाली ओघळलं, पोटरीपर्यंत गेलं आणि तिथे थांबलं. मी पाय हलवला. पाणी हललं नाही. हळूहळू ते कोमट होत गेलं. तासभर मी तलावाच्या या टोकापासून त्या टोकाला जात राहिलो, घोट्याला अर्धा किलो शिसं बांधून, आडवा, सरळ. उथळ बाजूला पोरं चेंडू खेळत होती. त्यातलं एक जण येऊन म्हणालं, ‘‘अंकल, आप सुपरहीरो हो क्या?’’

घरी आल्यावर सूट काढायला बायकोने मदत केली. हात, छाती, उजवा पाय, आणि शेवटी डावा. कापड कातडीला धरून बसलं होतं, सोडायला तयार नव्हतं. ते सुटलं तेव्हा पोटरीवर वरपासून खालपर्यंत शिवणीचा एक बारीक वळ उमटला होता. तिने त्यावर अंगठा फिरवला. पाय गरम होता.

‘‘बसलाय,’’ ती म्हणाली, आणि सूट बादलीतल्या गोड्या पाण्यात बुडवला.